घडीतलं दुखणं

त्वचारोगाच्या ओपीडीत मी एकोणीस वर्षं परिचारिका म्हणून काढली. त्या एकोणीस वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे "दाखवा". माणूस घरून जांघेतली खाज घेऊन निघतो आणि आमच्यापुढं येऊन कोपरावरचा डाग दाखवतो. मग मी विचारायचं, "अजून कुठं?" त्यानं म्हणायचं, "नाही, एवढंच." औषध लिहून झालं, पुढचा पेशंट आत आला, की दारातून मागं वळून हा हळूच म्हणणार, "सिस्टर, तिकडं पण थोडं आहे." तिकडं म्हणजे कुठं, हे अर्थातच सांगणार नाही.

या अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, असा निरोप आला होता. लिहायला बसले तर हसू कमी आलं आणि चीड जास्त. रुग्णालय आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलंच, पण गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

आमच्याकडं होळी उलटली की अंगाला जो घाम सुटतो तो पुढं चार-पाच महिने वाळत नाही. काख, जांघ, पोटाची वळी, बायकांच्या छातीखालची घडी, बेंबी, या सगळ्या जागी कातडीवर कातडी बसते. घाम तिथून उडून जात नाही, चालताना घर्षण होतं आणि कातडी सोलवटते. त्या ओलीत बुरशी धरली की गजकर्ण. एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं, आणि इथंच घोटाळा होतो. सगळ्यांना एवढंच माहीत असतं. घडीत लाल झालं की गजकर्ण, आणि गजकर्ण झालं की मेडिकलमधली ट्यूब.

त्या ट्यूबशी माझं वैर आहे. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं, जंतूंचं आणि वरून स्टिरॉइडचं, अशी तीन औषधं कालवलेली. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश होतो, लावणं सोडतो, आठ दिवसांत दुप्पट उठतं. पुन्हा ट्यूब. नवापूरहून सुरतला माल नेणारा एक ड्रायव्हर आमच्याकडं आला, तो दीड वर्ष ही ट्यूब लावत होता. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली आणि तिच्यावर जांभळे पट्टे, फाटल्यासारखे. हे पट्टे जात नाहीत, जन्मभर राहतात. मी त्याला अर्धा तास समजावलं, खिशातली ट्यूब काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली. तो मान डोलावून उठला आणि दारात पोचल्यावर दुसरा खिसा चाचपून बघितला. दुसरी ट्यूब तिथं होती.

तापीकाठच्या एका केळीवाल्या गावातून एक गृहस्थ बायकोसाठी औषध न्यायला आले होते. बायको सोबत नव्हती.

"तिला फार खाज आहे. चांगली ट्यूब लिहून द्या."

"कुठं आहे?"

"घरी आहे."

"अहो, खाज कुठं आहे?"

त्यांनी दाराकडं बघितलं, छताकडं बघितलं. "ते तिला माहीत," म्हणाले.

असल्या लोकांवर चिडण्यात माझी वर्षं गेली. चिडकी सिस्टर म्हणूनच मला ओळखायचे. त्या चिडण्याचा मला थोडा अभिमानही होता. पण रेखाबाईची गोष्ट आठवली की तो अभिमान गळून पडतो. म्हणून तीच सांगते.

रेखाबाई मूळची रनाळ्याची. चाळिशीची, अंगानं भरलेली. आमच्याच गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. सकाळ-संध्याकाळ दीडशे मुलींच्या पोळ्या-भाकरी. दोन मोठ्या भट्ट्यांसमोर, पत्र्याच्या छपराखाली. ती पहिल्यांदा आली तेव्हा ओपीडीत तिच्या मागं तीसेक बायका रांगेत होत्या.

आमचे डॉक्टर मराठवाड्यातले, तरुण आणि हुशार. त्यांना अहिराणी कळायची नाही. कळली असती तरी बायका त्यांच्याशी बोलल्या नसत्या. माझं माहेर धानोऱ्याचं, अहिराणी माझ्या तोंडातली भाषा. त्यामुळं बायकांचं बघायचं मी आणि डॉक्टरांना सांगायचं मी, अशी एक पद्धत आपोआप पडून गेली होती. पद्धत चुकीची होती. पण एका सकाळी शंभर केसपेपर संपवायचे असतात तेव्हा चुकीच्या पद्धतीही सोयीच्या वाटतात.

"काय होतंय?" मी विचारलं.

तिनं पदर छातीशी घट्ट धरला. "डॉक्टर माणूस शे. मी नही दखाडस."

मी तिला पडद्यामागं नेलं. दोन्ही स्तनांखाली लाल, ओलसर, चकचकीत चट्टा होता. घडीच्या तळाशी बारीक चीर गेलेली. जांघेतही तसंच आहे म्हणाली. मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, "लाल आहे, ओलं आहे, खाजतंय. दोन्ही बाजूंना." त्यांनी बुरशीचं मलम आणि गोळ्या लिहिल्या.

इथं थांबले असते तर ठीक होतं. पण मी सवयीनं, माझ्या त्या खणखणीत आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "रोज आंघोळ करता की नाही?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"दोनदाव करस, सिस्टर," ती खाली बघत म्हणाली.

"मग नीट घासून करत जा."

ती पंधरा दिवसांनी आली. कमी नव्हतं. महिन्यानं आली. "आखो वाढी गयं." मी म्हटलं, गोळ्या चुकवता तुम्ही. ती म्हणाली, नाही चुकवत. मी म्हटलं, मग कपडे उन्हात वाळवत नसाल. वाळवते म्हणाली. डॉक्टरांनी गोळी बदलली, मलम बदललं. दर वेळी मी पडद्यामागं बघायची, बाहेर येऊन सांगायची, "तसंच आहे." असे आठ महिने गेले. आठ महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तू नेमकं करतेस तरी काय. माझं ठरलेलं होतं. औषध लागू पडत नाही म्हणजे पेशंट आळशी आहे.

मग चैत्रात एक दिवस ती रांग सोडून सरळ माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी, म्हणजे गृहपाल मॅडमनी, तो दिला होता. वसतिगृहातल्या काही मुलींना गजकर्ण उठलं होतं. एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली. स्वयंपाकीण अंग खाजवते हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कागदावर लिहिलं होतं की आजार संसर्गजन्य नसल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा, तोपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये.

"अकरा वरीस झायात तठे," रेखाबाई म्हणाली. "मन्ही पोर तठेच शिकस. पोरी तिन्हाजोडे बसतस नही."

तिची मुलगी त्याच वसतिगृहात अकरावीला होती. मुली आता तिच्या शेजारी जेवायलाही बसत नव्हत्या.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मी म्हटलं, "दाखला कसा मिळेल? गजकर्ण तर लागतंच." आणि मग वैतागून पुढं म्हटलं, "दाखला हवा असेल तर डॉक्टरांना स्वतः बघावं लागेल. माझ्या सांगण्यावर ते सही करणार नाहीत. बोला, दाखवता का?"

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्ही हात धरी ठेवा."

मी तिचा हात धरून पडद्यामागं उभी राहिले. डॉक्टरांनी हातमोजे घातले, बॅटरी लावली आणि बघितलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्यांनी चट्ट्याच्या कडेवरून बोट न टेकवता हवेतच रेघ फिरवली.

"सिस्टर, कडा बघा. एकदम ठळक. नकाशावर रेघ मारल्यासारखी. आणि मधे सगळं सारखं लाल. गजकर्ण कसं वाढतं? कडेला उठाव, कडेला कोंडा, मधे साफ होत जातं. इथं कोंडा कुठं आहे?"

कोंडा नव्हता. आठ महिन्यांत कधीच नव्हता.

मग त्यांनी तिची बेंबी बघितली. आतून लाल, तशीच चकचकीत. कानामागं बघितलं, तिथं कोंड्याचा एक पांढुरका थर. तिचे हात उजेडात धरले. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे होते. ते हात इतक्या वेळा माझ्यासमोर आले होते, पण नखांकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. कडेची थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, त्यांनी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. बुरशीचा एक धागा सापडला नाही.

"सोरायसिस आहे," डॉक्टर म्हणाले. "घडीतला."

सोरायसिस मी शेकडो पाहिले होते. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात. चांदीसारखे पापुद्रे सुटणारे जाड चट्टे. पण घडीत ओल असते, तिथं पापुद्रा टिकत नाही, म्हणून नुसती गुळगुळीत लाली दिसते. हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि वहीत लिहूनही घेतलं होतं. बघताना मात्र मला जे अपेक्षित होतं तेच दिसलं.

"तुम्ही बेंबी बघितली नव्हती?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी केसपेपर पुढं ओढला. "खरंय," म्हणाले. "मी विचारलंच नव्हतं."

मग तिला समजावणं आलं, आणि तेही माझ्याच तोंडून, अहिराणीत. हा आजार शरीराच्या आतून येतो. कुणाला लागत नाही, ताटातून नाही, हातातून नाही, कपड्यातून नाही. अस्वच्छतेनं होत नाही. आटोक्यात राहतो, पण कायमचा जाईल असं सांगता येत नाही, उन्हाळ्यात परत डोकं वर काढेल. घडीतली कातडी नाजूक असते, म्हणून हलकं मलम, तेही मोजके दिवस, नंतर स्टिरॉइड नसलेलं दुसरं. आंघोळीनंतर टिपून कोरडं करायचं, घडीत जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा ठेवायचा. आणि घासायचं अजिबात नाही. घासलं, खरचटलं की सोरायसिस तिथं आणखी उठतो.

शेवटचं वाक्य ऐकून तिनं माझा हात सोडला.

"मी तं पायना दगड लिसन घासस," ती म्हणाली. "रोज. दोनदाव. रगत निंघस तरी घासस."

मी तिच्या छातीखालच्या त्या चिरेकडं बघितलं.

"तुम्हीनच सांगं ना, नीट घासा? मंग मी आठ महिना काबर घासं?"

"माझं चुकलं, रेखाबाई," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत फार कमी वेळा उच्चारलं आहे. इतकं की ते बोलताना जीभ अडखळली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. साडी नीट केली, पडदा बाजूला सारला आणि तिथूनच, रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हीन माले लोकेसना समोर इचारं व्हतं. आते लोकेसना समोर सांगा. वसतिगृहात ईसन सांगा."

डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. आजार संसर्गजन्य नाही, स्वयंपाकाचं काम करण्यास हरकत नाही, सही, शिक्का. मी तो घेऊन दुसऱ्याच दिवशी दुपारची ड्यूटी संपल्यावर तिच्यासोबत वसतिगृहात गेले.

गृहपाल मॅडम पन्नाशीच्या, नीटनेटक्या, कडक इस्त्रीची साडी. दाखला त्यांनी दोनदा वाचला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला.

"मला मान्य आहे हो सिस्टर. पण पालकांचं काय? आपण यांना झाडलोटीला घेऊ. काम जाणार नाही."

"मॅडम, लागत नाही असं लिहिलंय."

"लिहिलंय. पण खाजवताना दिसतात ना त्या. किळस वाटते मुलींना."

मला संताप आला. माझ्या शेजारी रेखाबाई उभी होती, तिच्यासमोर हे चाललं होतं. आणि कालपर्यंत मीही याच सुरात बोलत होते, हेही तेव्हाच डोक्यात आलं. म्हणून आवाज चढवला नाही. म्हटलं, "मला मुलींशी दहा मिनिटं बोलू द्या."

जेवणाच्या हॉलमध्ये मुली बसल्या. निम्म्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या, निम्म्या इकडच्या सपाटीवरच्या. रेखाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिची मुलगी मागच्या कोपऱ्यात एकटी बसली होती.

मी सांगितलं, "तुमच्या मावशींना मी आठ महिने चुकीचं सांगितलं. त्यांना गजकर्ण आहे असं मला वाटलं आणि त्या स्वच्छता ठेवत नाहीत असंही वाटलं. दोन्ही खोटं होतं. त्यांचा आजार कुणाला लागत नाही. चूक माझी आहे."

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग आम्हाला कशानं झालं?"

"टॉवेल कोण कोण वाटून घेतं?" मी विचारलं.

हात वर आले. थोडे नव्हेत.

"लेगिंग्ज? ओढण्या?"

आणखी हात.

"आणि ती तीन औषधांची ट्यूब कोण लावतं?"

आधी कुणीच हात वर केला नाही. मग एकीनं केला, तिच्याकडं बघून दुसरीनं, आणि मग हात वर होतच गेले. एक ट्यूब आणायची आणि सगळ्या खोलीनं लावायची, असं चाललं होतं. शेकडो वेळा बोललेलं मी पुन्हा बोलले. रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. शेवटी हात न उचललेली एक बारकी मुलगी उठली, ताट घेऊन मागच्या कोपऱ्यात गेली आणि रेखाबाईच्या मुलीशेजारी बसली. त्यात काही मोठा निश्चय वगैरे नसावा. तिथं पंखा होता.

मी निघाले तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या. म्हटलं, पुन्हा पालकांचं काढणार. पण त्या इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "सिस्टर, दोन मिनिटं ऑफिसात येता?"

आत गेल्यावर त्यांनी कडी लावली. खिडकीचा पडदा ओढला. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "मलाही जरा आहे. कंबरेला, परकराच्या नाडीखाली. बघता का? कुणाला सांगू नका."

मी बघितलं. गोल गोल कडी एकात एक अडकलेली, कडेला उठाव, कडेला कोंडा, मधे साफ. या वेळी मात्र कोंडा होता. टेबलाच्या खणातून त्यांनी ट्यूब काढून दाखवली. तीच. पाच महिने लावत होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "हे गजकर्ण आहे. हे लागतं."

त्या खुर्चीवर बसल्या. मला हसायचं होतं, ओरडायचं होतं, तो दाखला काचेखालून काढून त्यांच्यासमोर धरायचा होता. यातलं काहीच केलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तीच लाज होती, जी मी पडद्यामागं रोज बघत आले होते. कडक इस्त्रीनं ती काही कमी झालेली नव्हती.

"ओपीडीत या. डॉक्टरांना दाखवा. ट्यूब बंद."

"आणि रेखाबाईंचं..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"त्यांच्याकडं दाखला आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडं नाही."

एवढं बोलले. तेही बोलायला नको होतं असं कधी कधी वाटतं, आणि कधी कधी वाटतं आणखी बोलायला हवं होतं. कुणाला सांगू नका, हा त्यांचा शब्द मी नोकरीभर पाळला. आजही नाव-गाव लिहिलेलं नाही ते त्यामुळंच.

दुसऱ्या दिवसापासून रेखाबाई पुन्हा भट्टीसमोर. तिची लाली महिनाभरात फिकट झाली. पुढच्या उन्हाळ्यात परत आली, परत निवळली. असंच चालू आहे. माझ्याशी ती नीट बोलायची, पण बेतानं. माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

वसतिगृहात हे बोलणं झालं त्या आठवड्यात मॅडम ओपीडीत आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी आल्या. स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, पण मी साडीवरून ओळखलं. बाहेरचा बाक भरलेला होता. टोकाला रेखाबाई तपासणीसाठी बसली होती. मॅडमनी तिला पाहिलं आणि भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या, नजर दुसरीकडं लावून. मी केसपेपर हातात घेऊन दारात थबकले.

रेखाबाईनं त्यांना आधीच ओळखलं असणार. ती शेजारणीला जरा ढोसून सरकली, बाकावर वीतभर जागा केली आणि तिच्यावर हातानं थोपटलं.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "हाऊ रोग लागत नही."